वाक्याच्या रांगेत

आमच्या नाटकाच्या परीक्षणात माझ्या वाट्याला तीन वाक्यं आली होती. 'वडिलांचं काम करणारे नट बोलतात छान. मुलगी बोलत असते तेव्हा मात्र ते तिथे नसतात. आपल्या पुढच्या वाक्याच्या रांगेत उभे असतात.'

बस. पुढे लगेच नेपथ्य सुरू.

खरं तर परीक्षण आमच्या बाजूचंच होतं. नाटक बघावं असं त्यात म्हटलं होतं, दिग्दर्शकाला शाबासकी होती, मुलीचं काम करणारीवर तर अख्खा परिच्छेद होता. पण नट परीक्षण वरून खाली वाचत नाही. तो आधी स्वतःला शोधतो, मग त्याच्या आजूबाजूला बघतो आणि उरलेला मजकूर दुसऱ्या दिवशी वाचतो. मला तर शोधायचेही कष्ट पडले नाहीत. सकाळी पावणेसातला एका मित्राचा फोन आला, 'वाचलंस का?' चांगलं आलेलं असलं की लोक 'अभिनंदन' म्हणतात. 'वाचलंस का' असं कुणी विचारत नाही.

त्या दिवशी ऑफिसात बसून मी स्वतःची वकिली केली. परीक्षणात मुलीच्या पात्राचं नाव चुकलं होतं. दुसऱ्या अंकातला प्रसंग पहिल्या अंकात गेला होता. ज्याला पात्रांची नावं धड लिहिता येत नाहीत, त्याने माझ्या डोक्यात कोणतं वाक्य चाललंय ते मला सांगावं? आम्ही चार महिने रोज संध्याकाळी तालमी करतो, नोकऱ्या सांभाळून, घरच्यांची बोलणी खाऊन. आणि हा माणूस दोन तास खुर्चीत बसून जातो. मनातल्या मनात मी संपादकांना तीन पत्रं लिहिली. पहिलं थयथयाट करणारं, दुसरं अतिशय सभ्य, तिसरं उपरोधिक. तिसरं खरंच चांगलं जमलं होतं. एकही पाठवलं नाही, हे माझ्या शहाणपणापेक्षा आळसाचं श्रेय.

राग आला की माणूस वाक्य पुन्हा पुन्हा वाचतो, आणि तिथेच फसतो. दहाव्यांदा वाचताना मला त्या वाक्यातला 'रांगेत' हा शब्द दिसला. 'लक्ष नसतं' असं लिहिलं असतं तर मी सहज उडवून लावलं असतं. रांगेत उभ्या माणसाचं लक्ष नसतं असं कुठे आहे? चांगलं लक्ष असतं. फक्त ते खिडकीकडे असतं.

तर तो प्रसंग असा. तिसऱ्या प्रवेशात मुलगी वडिलांना सांगते, की ती घर सोडून चालली आहे. का चालली आहे हे सांगायला तिला सहा-सात मिनिटं लागतात. संहितेत ती अडीच पानं आहेत आणि त्या अडीच पानांत वडिलांना एक अक्षर नाही. ती थांबली की ते एवढंच म्हणतात, 'मग?'

त्या 'मग?'वर चारही प्रयोगांत हशा आला होता. कोरडा, तुटक, निवृत्त मास्तराला शोभणारा 'मग?'. तालमीत मी त्याचे पंधरा-वीस प्रकार करून बघितले होते आणि त्यातला एक पक्का केला होता: मान न वळवता, चष्मा पुसता पुसता. आता चष्मा त्या क्षणी हातात असायला हवा, म्हणजे रुमाल त्याआधी खिशातून निघायला हवा. त्यासाठी मी खूण ठरवली होती. मुलीचं 'आणि तुम्हाला ते कधी दिसलंच नाही, बाबा' हे वाक्य आलं, की रुमाल. तोवर मी चेहऱ्यावर ऐकत असल्याचा भाव ठेवून देत असे. दुकान बंद करून जाताना माणूस बाहेरचा दिवा चालू ठेवतो, तसा.

म्हणजे परीक्षणातल्या वाक्यात एका शब्दाचीही चूक नव्हती. त्याने फक्त रुमालाचा उल्लेख केला नव्हता.

प्रश्न असा पडला, की हे इतक्या दिवसांत दुसऱ्या कुणाला का दिसलं नाही. दिग्दर्शकाला नाही, विंगेत उभ्या असणाऱ्या पाच-सहा जणांना नाही, प्रयोगानंतर आत भेटायला येणाऱ्यांना तर नाहीच. या आत येणाऱ्यांची एक स्वतंत्र भाषा असते आणि हौशी नटाला ती आयुष्यभर उलगडत बसावं लागतं. 'नेपथ्य काय सुंदर होतं' म्हणजे नाटक आवडलं नाही. 'वेगळा प्रयोग केलात' म्हणजे कळलं नाही. 'तुम्हाला बघून फार आनंद झाला' म्हणजे ते मधूनच उठले होते. आणि 'काय पाठांतर आहे हो तुमचं' हे मला नेहमी मिळणारं प्रशस्तिपत्र. ते मी इतकी वर्षं कौतुक म्हणून घरी नेत आलो. पोहणाऱ्याला 'तुम्ही बुडाला नाहीत' असं सांगावं, त्यातलाच हा प्रकार, हे आत्ता कळतंय.

मंडळातले लोक बोलत नाहीत त्याचं कारण मात्र निराळं. आम्हाला सगळ्यांना पुढचं वाक्य माहीत असतं. तालमीत शंभर वेळा ऐकलेल्या प्रसंगात समोरचा ऐकतोय की थांबलाय, हा फरकच दिसेनासा होतो, कारण बघणाराही थांबलेलाच असतो. त्या संध्याकाळी त्या सभागृहात ज्यांना ती मुलगी पुढे काय बोलणार हे ठाऊक नव्हतं, त्यांच्यातला लिहिणारा असा तो एकटाच होता. तो खरोखर ऐकत होता. आणि आपण ऐकतोय पण बाप ऐकत नाही, हे त्याला खटकलं.

एक व्यक्ती मात्र होती जिला हे आधीपासून माहीत होतं. परीक्षणानंतरच्या पहिल्या तालमीला मी मुलीचं काम करणारीला बाजूला घेऊन विचारलं. ती माझ्या निम्म्या वयाची आहे, मला काका म्हणते. आधी तिने 'तसं काही नाही हो' वगैरे केलं. मग म्हणाली, "काका, रागावणार नसाल तर सांगते. दुसऱ्या प्रयोगापासून मी तुमच्याकडे बघतच नाही. तुमच्या मागे भिंतीवर आजीचा फोटो आहे ना, त्याच्याशी बोलते. तो निदान घड्याळ बघितल्यासारखा नाही वाटत."

हा फोटो आमच्या प्रकाशयोजनाकाराच्या आजीचा. नेपथ्यात एक जागा रिकामी दिसत होती म्हणून त्याने घरून आणलेला.

आता गंमत अशी, की परीक्षणात तिच्यावर जो परिच्छेद होता त्यात या नजरेचंच कौतुक होतं. वडिलांशी बोलताना ती जणू दिवंगत आजीला साक्षीला बोलावते, हा विचार फार हृद्य आहे, अशा अर्थाचं काहीतरी. दिग्दर्शकाने ते वाचून मान डोलावली, जणू त्यानेच ते बसवलं होतं. कुणी कुणाला काही बोललं नाही. मी आठवडाभर यावर विचार केला आणि माझं मत असं झालं, की समीक्षक इथे चुकला असं म्हणता येत नाही. त्याला जे दिसलं ते रंगमंचावर होतंच. ते तिथे कसं आलं हे त्याचं काम नाही. बापाने पाठ फिरवली म्हणून मुलगी आजीकडे वळली: हे नाटकातही खरं होतं आणि नाटकाबाहेरही.

(इथे 'घरीसुद्धा मी असाच ऐकत नाही' असं लिहायचा मोह होतो. लेखाला छान वळण मिळेल. त्या विषयावर बायकोचं मत आहे, पण ते तिचं परीक्षण आहे, तिने लिहावं.)

माझी पाठ करायची पद्धतही मी तपासून पाहिली. संहिता हातात आली की मी स्वतःची वाक्यं पिवळी करतो आणि समोरच्याच्या वाक्यातले शेवटचे तीन-चार शब्द लाल. मधला भाग पांढराच राहतो. ही युक्ती माझी नाही, फार जुनी आहे. शेक्सपिअरच्या काळात नटाला पूर्ण नाटक मिळतच नसे. त्याला मिळे ती त्याच्याच वाक्यांची गुंडाळी, आणि प्रत्येक वाक्याआधी समोरच्याच्या बोलण्यातले शेवटचे दोन-तीन शब्द. 'रोल' हा शब्द त्या गुंडाळीवरूनच आला. एडवर्ड अ‍ॅलन या नटाची १५९०च्या सुमाराची अशी एक गुंडाळी लंडनच्या डलिच कॉलेजात अजून जपून ठेवलेली आहे. आपल्याकडच्या जुन्या नाटक मंडळ्यांतही नटाच्या वाट्याचं भाषण वेगळं उतरवून देत आणि त्याला 'नक्कल' म्हणत. नक्कल पाठ झाली की नट तयार.

पण एक फरक आहे, आणि तो माझ्या विरोधात जातो. ज्याच्या हातात फक्त नक्कल आहे, त्याला समोरचा किती बोलणार आणि काय बोलणार याची कल्पनाच नसते. त्याला कान टवकारून उभं राहावंच लागतं. मला मात्र पूर्ण संहिता मिळाली होती. मी ती स्वतःच्या हाताने पिवळी करून तिची नक्कल बनवली.

या काळात शाकुंतलाची प्रस्तावना पुन्हा वाचनात आली. सूत्रधाराचं ते वाक्य बहुतेकांना ठाऊक असतं: 'आ परितोषाद्विदुषां न साधु मन्ये प्रयोगविज्ञानम्'. जाणकारांचं समाधान होईपर्यंत आमचं प्रयोगाचं कौशल्य चांगलं आहे असं मी मानत नाही. पुढे तो असंही म्हणतो, की कितीही शिकलेल्यांचं मन स्वतःबद्दल साशंकच असतं. परीक्षणाने पोळलेल्या माणसाला हे वाक्य गोड वाटतं. कालिदाससुद्धा धास्तावलेला होता म्हणजे! मी तिथेच थांबलो असतो. पण पुढच्या पाच-दहा ओळींत जे घडतं त्याकडे माझं आजवर लक्षच गेलं नव्हतं. सूत्रधार नटीला ग्रीष्मावर गायला सांगतो. ती गाते. गाणं संपतं, आणि तो तिलाच विचारतो, की आता कोणतं नाटक करून प्रेक्षकांची सेवा करायची? ती म्हणते, आत्ताच तर तुम्ही शाकुंतल करायचं म्हणालात. तो कबूल करतो, की विसरलोच होतो. हरणाने दुष्यंताला ओढून न्यावं तसं तुझ्या गाण्याने मला ओढून नेलं.

पुढे सगळं नाटक विसरण्याबद्दल आहे, त्याची ही आधीच दिलेली चाहूल, असं अभ्यासक सांगतात. असेल. मला त्यात एक वेगळीच गोष्ट दिसली. जाणकारांच्या पसंतीची काळजी करणारा माणूस दोन मिनिटांनी समोरचीचं गाणं इतकं ऐकतो, की स्वतःचं पुढचं वाक्य हरवून बसतो. रांगच विसरतो. कालिदासाला हे दोन्ही एकाच माणसात दाखवावंसं वाटलं, आणि तेही नटात.

ऐकणं दिसतं का, हा माझा पुढचा प्रश्न होता. बोलणं दिसतं, रडणं दिसतं. न बोलता बसलेल्या नटाच्या आत काही चाललंय की नाही हे शेवटच्या रांगेला कसं कळणार? याला माझ्याकडे एक उत्तर आहे आणि ते एका समीक्षकाचंच आहे. बर्नार्ड शॉ नाटककार म्हणून गाजण्याआधी 'सॅटर्डे रिव्ह्यू'त नाट्यपरीक्षणं लिहीत असे. १८९५च्या जूनमध्ये लंडनला सारा बर्नहार्ट आणि एलिओनोरा ड्यूझ या दोघी काही दिवसांच्या अंतराने एकाच नाटकात एकच काम करत होत्या. नायिका अनेक वर्षांनी आपल्या मुलाच्या बापासमोर येते, असा त्यात प्रसंग आहे. शॉने लिहिलं, की ड्यूझने भेटीचा पहिला अवघड क्षण नीट निभावला, आता सुटले असं वाटून तिने त्याच्याकडे निरखून बघितलं, आणि ती लाजली. ते तिच्याही लक्षात आलं. लाली पसरत गेली, शेवटी तिने तोंड हातांत लपवलं. ही रंगभूषेची करामत नव्हे याची शॉला खात्री होती. ती रोज तशी लाजत असेल का, याची त्याला स्वतःच्या धंद्याला साजेशी उत्सुकताही होती.

मी ड्यूझ नाही, हे सांगायला परीक्षण लागत नाही. पण एवढं कळलं, की समोरच्याला बघितल्याने नटात काही झालं तर ते खुर्चीत बसलेल्या माणसापर्यंत पोचतं. आणि ज्या अर्थी झालेलं पोचतं, त्या अर्थी न झालेलंही पोचत असणार.

नाट्यशास्त्रात भरताने प्रयोगाची पारख करायला दहा प्रकारचे लोक सांगितले आहेत, तेही मजेशीर आहेत. यज्ञाच्या प्रसंगाला यज्ञ जाणणारा, अभिनयाला नर्तक, वृत्तांना छंदशास्त्री, शरीराच्या डौलाला धनुर्धर, रंगवेषाला चित्रकार, प्रणयाच्या वागण्याला वेश्या, सुरांना गायक. राजाही आहे, राजाचा सेवकही आहे. शिवाय प्रयोगात होणाऱ्या चुकांची मोजदाद आहे: वाक्य विसरणं, दुसऱ्याचं वाक्य बोलणं, मुकुट खाली पडणं. प्रतिस्पर्ध्यांनी शेण आणि ढेकळं फेकणं हेसुद्धा त्यात धरलेलं आहे, म्हणजे आमचं तसं बरंच चाललंय. यादी मी दोनदा पाहिली. बापाची पारख करायला मुलगी, असं त्यात कुठे नाही.

आणखी एक शब्द मला छळत होता. परीक्षणाच्या शेवटच्या ओळीत 'हौशी कलाकार' असं होतं. हौस हा शब्द आपल्याकडे अरबीतल्या 'हवस'वरून आला. म्हणजे मुळात ती चांगलीच तीव्र इच्छा. मराठीत येता येता तिचा नाद झाला, छंद झाला, आणि 'हौशी' म्हटलं की समोरचा आपोआप आवाज मऊ करतो. हौशी आहेत, सांभाळून घ्या. आमच्याबद्दल आजवर जे चार-सहा वेळा छापून आलं, त्यात 'कौतुकास्पद प्रयत्न' हे शब्द न चुकता होते. लहान मुलाच्या चित्राला आपण म्हणतो तसे. या माणसाने ते वापरले नाहीत. एखाद्या व्यावसायिक नटाला जे बोलला असता तेच मला बोलला. पहिला आठवडा मी यामुळेच चिडलो होतो, की एवढं काय मनावर घ्यायचं, आम्ही हौशी आहोत! म्हणजे जी सवलत कुणी दिली की मला अपमान वाटायचा, ती या वेळी मीच मागत होतो.

मग प्रयत्न सुरू झाले. ऐकायचं ठरवून ऐकता येत नाही, हे पहिल्याच तालमीत कळलं. ऐकायचं ठरवलं की चेहरा ऐकल्याचा अभिनय करू लागतो, आणि तो तर मी करतच होतो. सॅनफर्ड माइझ्नर या अमेरिकन शिक्षकाचा एक व्यायाम आहे: दोघांनी समोरासमोर बसायचं, एकाने समोरच्यात दिसलेली गोष्ट बोलायची, दुसऱ्याने तीच परत म्हणायची, आणि ती आपसूक बदलेपर्यंत म्हणत राहायची. आम्ही केला. "तुम्ही कपाळाला आठ्या घातल्यात." "मी कपाळाला आठ्या घातल्यात." "तुम्ही कपाळाला आठ्या घातल्यात." चौथ्या फेरीला विंगेतून कुणीतरी फिसकलं आणि व्यायाम संपला. पण मला खरंच आठ्या होत्या, हे मला तिच्या तोंडून कळलं.

विल्यम जिलेट नावाचा एक नट होता. शेरलॉक होम्सचं काम त्याने हजाराहून जास्त वेळा केलं. १९१५ साली छापून आलेल्या त्याच्या एका व्याख्यानाचा विषयच हा आहे: सगळं पहिल्यांदाच घडतंय असा भास. पात्राला पुढे काय होणार ते माहीत नसतं आणि नटाला दुर्दैवाने ते माहीत असतं, असं त्याचं दुखणं. हजार वेळा केलेल्या माणसाचं हे म्हणणं. मी पाचव्या प्रयोगाच्या तयारीत होतो.

पाचव्या प्रयोगाला मी एकच गोष्ट केली. रुमाल मेकअपच्या खोलीत ठेवून गेलो.

तिसरा प्रवेश सुरू झाला. ती बोलायला लागली. हातांना काही काम नव्हतं, म्हणून मी तिच्याकडे बघत होतो. त्या अडीच पानांच्या मध्यावर ती विचारते, "आई गेली त्या दिवशी मी कुठे होते, आठवतं तुम्हाला?" हा प्रश्न आहे हे मला चार महिन्यांत कधी कळलं नव्हतं. ती त्यानंतर किंचित थांबते. लेखकाने तिथे तीन टिंबं दिली आहेत. माझ्या प्रतीत ती पांढऱ्या भागात पडतात. मला आठवेना ती कुठे होती. संहितेत ते पुढेही कुठे सांगितलेलं नाही. मी खरोखर आठवायला लागलो. तेवढ्यात तिची नजर फोटोवरून माझ्याकडे आली, आणि ती एका शब्दाला अडखळली. चार प्रयोगांत ती कधी अडखळली नव्हती.

मग ती बोलायची थांबली. पुढचं वाक्य माझं होतं. एका अक्षरी शब्दाला एक अक्षर जास्त, एवढंच ते वाक्य, आणि ते माझ्याजवळ नव्हतं. विसरलो म्हणावं तर तसंही नाही. ते तिथे बोलण्यासारखं वाटेना. किती वेळ गेला कळलं नाही. विंगेतून प्रॉम्प्टरने 'मग... मग...' असं पहिल्या तीन रांगांना ऐकू जाईल इतक्या काळजीने सांगितलं. मी म्हणालो, "मग?" फार हळू आणि फार उशिरा.

हशा आला नाही. कुणीतरी खोकलं. तिने पुढचं वाक्य नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत घेतलं आणि प्रवेश कसाबसा, किंवा नीट, मला सांगता येणार नाही, पण संपला.

पडदा पडल्यावर दिग्दर्शक म्हणाला, "अरे, हशा घालवलास!" ती आरशासमोर रंग पुसत होती. म्हणाली, "काका, आज मला भीतीच वाटली." कशाची, ते बोलली नाही. मीही विचारलं नाही. परीक्षण लिहिणारे अर्थातच आलेले नव्हते. लिहून झालेल्या प्रयोगाला परत कोण येतं?

आत भेटायला मात्र नेहमीचे एक गृहस्थ आले. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "आज जरा थकल्यासारखे वाटलात. पण पाठांतर काय आहे हो तुमचं!"